रुळांवरचं इंग्रजी

त्या फोनला दीड महिना होत आला. बँकेत दुपारची गर्दी होती आणि शिपाई सांगत आला, "मॅडम, तुमचा फोन. शहागडहून कुणी अण्णा बोलतायत." रिसिव्हर कानाला लावला तर आधी ट्रकचे हॉर्नच ऐकू आले. ते हायवेवरच्या बूथमधून बोलत असणार. "नंदा, बाळा..." अण्णांचा आवाज आला. मग म्हणाले, "सुमन गेली गं आपली." सुमन, माझी शाळेपासूनची मैत्रीण. काविळीचं निमित्त झालं, पंधरा दिवसांचं दुखणं, वय जेमतेम अडतीस. आदल्या रविवारी, तिला घरी नेण्याआधी, मी जालन्याच्या दवाखान्यात तिला भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आवाज खोल गेलेला. आणि विचारत काय होती, तर "सध्या कोणता पिक्चर लागलाय गं इथं?" टॉकीजकडे पाहणं मी कधीच सोडलं होतं.

आम्ही दोघी बदनापूरच्या. आमची गावात शेती, तिचे वडील म्हणजे हे अण्णा रेल्वेत गँगमन. दिवसभर रूळ तपासायचे, खडी भरायची, संध्याकाळी खांद्यावर हातोडा टाकून घरी यायचं. दहावीनंतर आम्ही दोघींनी जालन्याच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं आणि सकाळच्या पॅसेंजरनं रोजचं जाणं-येणं सुरू झालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंग्रजी हा आम्हा गावाकडच्या पोरींचा कर्दनकाळ होता. पाचवीत एबीसीडी सुरू झालेली, आणि दहावीपर्यंत गाईडातल्या उत्तरांवर दिवस काढलेले. कॉलेजात सर थेट इंग्रजीत बोलायला लागले तेव्हा पहिले पंधरा दिवस आम्ही नुसत्या माना हलवल्या.

यावर उपाय काढला तो अण्णांनी. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांचं म्हणणं ठाम होतं. "भाषा कानावर पडल्याबिगर येते का कुठं? तान्हं लेकरू काय पुस्तक वाचून बोलतं?" जालन्याच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चरचा खेळ असायचा. तिथं सगळा पुरुषांचा बाजार, शिट्ट्या, विड्यांचा धूर. पोरींनी तिथं जाणं म्हणजे गावभर बोभाटा. माझी आई तर ऐकूनच हबकली. पण अण्णा स्वतः घरी येऊन दारात उभे राहिले, "वहिनी, मी संग हाय. बिलकुल काळजी करू नका." आणि खरंच ते आमच्या कडेला, वाटेच्या खुर्चीवर बसायचे. दिवे गेले की डोक्याला गुंडाळलेलं उपरणं तोंडावर ओढून गाढ झोपायचे. कुणी मागून शीळ घातली की मात्र उपरण्याच्या आतून आवाज यायचा, "कोण हाय रे त्यो?"

पिक्चरच्या बाबतीत सुमनची आवड जगावेगळी. वर्गातल्या बाकीच्या पोरी हिंदी सिनेमातल्या नायिकेचा ड्रेस, केसांची बट यावर तासन्‌तास बोलायच्या. सुमनला गाणी लागली की कंटाळा यायचा. कोर्टाचा सीन असला की ती खुर्चीच्या टोकाला यायची. इंग्रजी पिक्चरमध्ये तर तिला नायक-नायिकेशी काही देणंघेणंच नसे. तिचं लक्ष हॉटेलातल्या मॅनेजरवर, तिकीट तपासणाऱ्यावर, नर्सवर, दारात उभ्या पोलिसावर.

"हिरो लई फास बोलून राह्यला गं," ती म्हणायची. "त्याचं काहीच समजत न्हाई. पण त्या मॅनेजरचं बराबर समजलं. 'युवर रूम इज रेडी, सर.' बघ, पुरं वाक्य!"

परतीच्या गाडीत ती अशी वाक्यं देवनागरीत वहीत उतरवून घ्यायची आणि मग खिडकीतून बाहेर बघत, मान वेळावून, खांदे उडवून, ज्याचं वाक्य त्याच्याच ढंगात म्हणायची. एकदा डब्यात टीसी आला तर त्याला म्हणाली, "गुड इव्हिनिंग, ऑफिसर." तो बिचारा तिकीट न बघताच पुढे गेला. आम्ही स्टेशन येईपर्यंत हसत होतो.

त्या हसण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या हसण्याबद्दल... आणि ते मी आजवर कुठं लिहिलं नाही.

बारावीला होतो. गाडी लेट झाली, आम्ही धावत वर्गाच्या दारात. मी घाईनं आत जाऊन बसले, सुमन मागं सापडली. सरांनी तिला इंग्रजीत विचारलं, उशीर का झाला? आणि सुमननं, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर दिलं. कुठल्याशा पिक्चरमधल्या टॅक्सीवाल्याचं वाक्य तिच्या ओठावर तयारच होतं. दोन्ही हात पसरून, खांदे उडवून ती म्हणाली, "द ट्रेन, बॉस. व्हॉट कॅन यू डू?"

वर्गात हशा फुटलाच. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, ही आपली टिंगल करते आहे. ते मराठीत म्हणाले, "हे रुळांवरचं इंग्रजी तुमच्या घरी. इथं नाही चालणार." तिचे वडील काय करतात हे त्यांना ठाऊक होतं. वर्ग पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा जोरात. आणि मीही हसले. खळखळून नाही, चारचौघांत वेगळं पडू नये म्हणून हसतात तसं, पण हसले. सुमन मागं वळली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

त्या दिवसानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. रविवारी अण्णा नेहमीसारखे धुतलेला सदरा घालून तयार झाले तर म्हणाली, "आज नको अण्णा." पुढच्या रविवारीही नको. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते आणि ती बाकी सगळ्या विषयांत पास होऊन इंग्रजीत नापास झाली होती. मी पुढच्या शिक्षणाला औरंगाबादला निघून गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, रोज गाडीत तिच्या समोर बसायला नको म्हणून.

दसऱ्याच्या आधी गावी आले तेव्हा तिच्या घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "ती व्हय? ती रुळावर गेली आसंल, बापाला भाकर घेऊन." मी चालत गेले. स्टेशनच्या पुढं, लिंबाच्या सावलीत गँगची आठ-दहा माणसं भाकरी खात बसली होती आणि त्यांच्यासमोर सुमन उभी राहून मोठमोठ्यानं इंग्रजी पेपर वाचत होती. अण्णांनी स्टेशनमास्तरांकडून जुने पेपर मागून घेतले होते. उच्चार अडखळत होते, एखाद्या शब्दावर ती तीन-तीनदा आपटत होती. पण ती माणसं घास हातात धरून कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती. एक म्हातारा मुकादम मधूनच म्हणायचा, "वा, पोरी! आता काय झालं म्हने तिथं?" मग ती मराठीत अर्थ सांगायची आणि पुढं वाचायची.

मला बघून थांबली, हसली. "बघ नंदा," ती म्हणाली, "सर बोलले ते खरंच करून राह्यले. रुळावर इंग्रजी."

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती इंग्रजीत पास झाली. पुढं डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. माय आधीच गेली होती. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना घेऊन शहागडला राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "हिरोचं बोलणं अजून समजत न्हाई मला." मी तोवर जालन्यात बँकेत होते. ती कामानिमित्त आली की बँकेत डोकवायची, आम्ही स्टेशनसमोर चहा प्यायचो.

अशाच एका चहाला मी एकदाची बोलले. "सुमे, त्या दिवशी वर्गात... मीही हसले होते."

तिनं बशीत चहा ओतला. "माहीत हाय की. सगळा वर्ग हसत होता, पण तुझं हसू मला बराबर ओळखू येतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"लई वाईट वाटलं होतं," ती म्हणाली. "सरांचं न्हाई एवढं, तुझं वाटलं. पण मंग बोलले असते तर तू आलीच नसतीस माझ्याकडं. मैत्रीण एकच होती मला." मी रडायला लागले तर मलाच म्हणाली, "आता गप. चहा निवून राह्यला."

परवा मुख्याध्यापकांचा निरोप आला की बाईंचं कपाट रिकामं करून न्यावं. अण्णांना एकट्याला जाववेना, म्हणून मी शहागडला गेले. सात खोल्यांची शाळा, पुढं पटांगण, लांबून हायवेचा आवाज. तिच्या सातवीच्या वर्गावर अजून नवीन शिक्षक आलेले नाहीत. दारात एक वेणीवाली मुलगी हात आडवा धरून उभी होती.

"आत येणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं, इंग्रजीत," ती म्हणाली. "मॅडमचा नियम हाय. सरपंचांनाबी होता."

अण्णांना सवय असावी. "आय ॲम फादर," ते म्हणाले, चपला काढल्या आणि आत गेले.

मी पंधरा वर्षं बँकेत इंग्रजीत पत्रं लिहिते आहे. "सुमन मॅडम..." मी सुरुवात केली आणि पुढं 'इज' म्हणावं की 'वॉज', इथंच अडले. आत बाकांवरची मुलं शांत बसून माझ्याकडं बघत होती. कुणालाच घाई नव्हती.

"चुकलं तरी चालतं," मुलगी हळूच म्हणाली.

"सुमन मॅडम इज माय फ्रेंड."

तिनं हात खाली घेतला आणि मला वाट दिली.