चेरीला शेजार लागतो

हिमाचलातल्या त्या चेरीच्या बागेत शिरले आणि थबकलेच. झाडांवर अजून पान नव्हतं, नुसती पांढरी फुलं. आणि फांद्याफांद्यांना पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या, त्यांतही फुललेल्या डहाळ्या. नटलेल्या नवरीला कुणी आणखी एक गजरा माळावा, तसं.

"सजावट छान केलीय," मी म्हणाले.

बागेच्या मालकीण बिमलादीदी हसल्या. "सजावट कसली? या डहाळ्या शेजारच्या बागेतल्या, दुसऱ्या जातीच्या. आमची चेरी स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. शेजाऱ्यांशी एरवी बोलणं बंद आहे माझं, पण फुलं आली की डहाळ्या मागायला जावंच लागतं."

मला त्या झाडाचं फार कौतुक वाटलं. हिवाळाभर बर्फ सोसायचा, अंगभर फुलायचं, आणि फळासाठी मात्र दुसऱ्याच्या दारी जायचं. मधमाश्यांना तर दोन्ही बागा एकच.

कुंपणापलीकडे शेजारचे गृहस्थ शिडीवर उभे राहून दीदींच्या झाडाची डहाळी आपल्या बाटलीत खोचत होते. दीदींनी त्यांना हात केला.

"हे सख्य फुलं गळेपर्यंतच हं," त्या मला म्हणाल्या.

मग चहा झाला. आम्ही दोघीच होतो, दीदींनी कप मात्र तीन भरले.