सलोमीची जागा मी बदलली

छत्तीसगडमधल्या निमलष्करी दलाच्या एका कॅम्पवर मी सेक्शन कमांडर होते. आम्ही दहा जणी. काम रोड ओपनिंगचं : पहाटे पायी निघून रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासायचं, मग गाड्या सोडायच्या.

वायरलेस सेट कॉन्स्टेबल सलोमीकडे असे. ती झारखंडची, ख्रिश्चन. रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे एकटी बसायची. एकदा मी मागून गेले. ती पुटपुटत होती. माझं नाव ऐकू आलं. मग, ‘उद्या पुलापर्यंत.’ खिशात मोबाइल होता.

“कोणाशी बोलत होतीस?”

“देवाशी, मॅडम. उद्या सगळ्या सुखरूप परत याव्यात म्हणून.”

“देवाचा नंबर काय?”

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. आमचा रस्ता नक्षलवाद्यांना आधीच कळतोय, अशी कुजबुज तेव्हा कॅम्पमध्ये होतीच.

पुरावा नव्हता, म्हणून मी वर कळवलं नाही. सेट दुसरीला दिला आणि सलोमीला सगळ्यात पुढे घेतलं. ऑपरेटर माझ्या मागे चालते, मागची दिसत नाही. मला ती नजरेसमोर हवी होती.

सकाळी सहा चाळीसला, पुलाच्या अलीकडे, तिच्या पायाखाली स्फोट झाला.

“ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर.”

“वेटिंग टाइम चाळीस मिनिटं. ओव्हर.”

ती पंचवीस मिनिटं जगली.

मोबाइल तपासला. शेवटचा कॉल चार दिवसांपूर्वीचा, आईला. चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही. तिची जागा का बदलली, हे मला कोणी विचारलं नाही.

पेन्शन घेऊन रामाकोन्याला, माहेरच्या गावी आले. बागेतल्या घरात तरी झोप लागेल असं वाटलं. लागली नाही. शेवटी झारखंड गाठलं आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. म्हातारीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. ही आता तक्रार करणार, असं मी धरून चालले होते.

“सलोमी तुमच्यासाठी प्रार्थना करायची,” ती म्हणाली. “ती गेल्यापासून मी करते.”

“मी तिला पुढे घातलं, हे माहीत नव्हतं म्हणून.”

“आता माहीत आहे. बसा.”

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. यात हिचा काय फायदा, हेच मी शोधत होते. सापडलं नाही. त्या रात्री तिच्या ओसरीवर मी सहा तास झोपले.

आता दर रविवारी पांढुर्ण्याच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जाते. गावातले लोक संशयानं पाहतात. ती नजर मला ओळखता येते. भावजयीनं तर उघडच विचारलं.

“ताई, त्या लोकायनं तुमाले काय खाऊ घातलं?”

“भात. अन् कोरा चहा.”

“मंग काऊन जाऊन राहिल्या दर आईतवारी?”

“मन शांत राह्यते, म्हणून.”

तिला पटलं नाही. मीही तिच्या जागी असते तर पटलं नसतं.

कॉन्स्टेबल सलोमी. वय सव्वीस. माझ्या सेक्शनमध्ये दोन वर्षं तीन महिने. संशय घ्यावा असं तिनं एकदाही काही केलं नाही. चौकशीतल्या माझ्या जबाबात हे वाक्य नाही.