गोमतीतला माझा नौकामोर्चा

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तर ऐका. हसायचं ते एकदाच हसून घ्या.

मी रेल्वेत इंजिनिअर. बदली होऊन लखनौला आलो. दर रविवारी इथली आमची मराठी मंडळी गोमतीत हौसेने होड्या वल्हवायची. सगळ्यांत पुढे माझी लेक ईरा, शाळकरी पोर. मी काठावर बसून डबे राखायचो!

आणि एका रविवारी घाटावर सरकारी पाटी! हौसेखातर होडी चालवायला मनाई! ईराचं तोंड एवढंसं झालं. "पापा, कुछ करो ना!"

झालं! आपण पेटलो. नदी काय यांच्या घरची? सगळ्यांना घेऊन थेट पाटी लावणाऱ्यांच्या हज़रतगंजातल्या कचेरीवर थडकलो. "नहीं चलेगी, नहीं चलेगी!" जिना दणाणला हो!

तिथले मोठे साहेब स्वतः बाहेर आले. "अरे, धूप में क्यों खड़े हैं? शरबत लीजिए।"

आता मला सांगा, ज्याचं सरबत प्यायलो, त्याला मुर्दाबाद कसं म्हणायचं?

साहेब म्हणाले, "जनाब, लोगों को नाव चलानी नहीं आती। कोई डूब गया तो?"

"नहीं आती? अजी, बच्चा भी चला ले!" टाळ्या पडल्या. मग काय, मी सुटलोच. "हमारे कोंकण में तो..."

बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, तुम्ही सोलापूरचे!"

पण मला आवरतो कोण?

साहेब खूश. "तो चलिए, घाट पर ही देख लेते हैं।" सगळी वरात घाटावर. साहेबांनी अदबीने होडीकडे हात केला. "पहले आप।"

इथेच घात झाला! लखनौत 'पहले आप' ऐकलं की 'नहीं हुज़ूर, पहले आप' म्हणून परतवायचं असतं. चौकातल्या पोराटोरांनाही कळतं हे. मी मराठी गडी, नंबर लागल्यासारखा सरळ होडीत चढलो!

होडी जी गरकन फिरली, ती फिरतच राहिली. घाट दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा! त्यात एक वल्हं हातातून निसटलं आणि सुलतानपूरच्या दिशेने निघून गेलं.

"जनाब, वापस तशरीफ़ ले आइए!" साहेब काठावरून ओरडतायत.

आणू कशी?

शेवटी ईरा दुसऱ्या होडीतून सपासप आली, माझ्या होडीला दोर बांधला आणि मला ओढत काठाला लावलं. लाजेने मेलो होतो मी.

पण साहेब तिच्यावर बेहद्द खूश! "शाबाश बिटिया! आपके पापा सही कहते थे, बच्चा भी चला ले।" आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत मनाई उठली! जो वल्हवून दाखवेल, त्याला मोकळीक. जिंकलो हो आम्ही! आमची झाडून सगळी मंडळी त्या परीक्षेत पास झाली.

मी? मलाही बसू देतात की! लहान मुलांना मोठ्यांबरोबर बसवतात, मला ईराबरोबर. आणि होडी सुटायच्या आधी ती दर रविवारी सगळ्यांदेखत बजावते, "पापा, किसी चीज़ को हाथ मत लगाना।"