नवरदेव, जरा खाली उतरा!

माझ्या गाडीखालून मांजर जाऊ शकत नव्हतं, याचा मला एके काळी फार अभिमान वाटायचा.

गाडी माझीच. हिंजवडीच्या नोकरीच्या जिवावर घेतलेली, लाल रंगाची, टर्बोवाली. आमचं गाव पौड रस्त्यावरून थोडं आत. घरात सासरे म्हणजे आबा, सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते), नवरा संदीप, लग्न ठरलेला दीर महेश आणि गोठ्यात म्हशी. एवढ्या गोतावळ्यात गाडीचं वेड लागलेली मी एकटीच. संदीप गाडीत बसला की पहिल्या वळणावर झोपतो.

आता टर्बो गाडी दारात आली की माणूस स्वस्थ बसत नाही. कंपनीने दिलंय तेवढ्यात भागत असतं, पण "जरा काहीतरी करून घेऊ" असा किडा डोक्यात वळवळतो. म्हणून मी पिरंगुटला विशालच्या गॅरेजात गेले. हा पोरगा असल्याच गाड्यांची कामं करतो. हुशार आहे, पण गिऱ्हाइकाशी खरं बोलायची वाईट खोड आहे त्याला.

"मॅडम, खर्च करायचाच असंल तर आधी चांगले टायर टाका. मग ब्रेक. ताकद वाढवायचं नंतर बघू."

"टायर कुणाला दिसतात रे?"

"दिसत न्हाईत, धरतात."

झालं! हौसेने साडी घ्यायला जावं आणि दुकानदाराने रेनकोट दाखवावा, तसं झालं मला. मी तोंड पाडून घरी आले आणि जेवताना विषय काढला. ही माझी पहिली चूक.

"मागं हुक लाव," आबा म्हणाले. "ट्रॉली वडता येईल."

"टपावर कॅरेज टाक की," आत्याबाई म्हणाल्या. "पेंडीची पोती बसत्याल."

"वहिनी, खालनं निळी लाइट!" महेश म्हणाला.

संदीपने भाकरीचा तुकडा मोडता मोडता एकच शब्द उच्चारला. "टायर." (विशालचा याला फोन आला होता, हे मला नंतर कळलं. पुरुष एकमेकांना सामील असतात ते असे!)

मी कुणाचंच ऐकलं नाही. पहिल्यांदा बसवून घेतला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. म्हणजे काय, तर पाय उचलला की टर्बोतली जास्तीची हवा 'फिस्स' करून बाहेर सोडणारी वस्तू. गाडी त्याने तसूभरही जास्त पळत नाही, पण पळत असल्यासारखी वाटते. घरी आल्यावर अंगणातच दोन-तीनदा फिस्स करून दाखवलं, तर आत्याबाई काठी घेऊन बाहेर.

"जनावर हाय! हालू नका कुनी! गाडीखाली जनावर शिरलंय!"

त्यांनी गाडीखाली काठी घालून असं काही झोडपलं की खालचं प्लॅस्टिक लोंबायला लागलं. ते चिकटवून होतंय तोवर मी दुसरं काम करून घेतलं, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट. मला वाटलं, वाघ घरी आला. म्हशींनाही तसंच वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी आबा रिकामी चरवी घेऊन माझ्यासमोर उभे.

"म्हस पान्हा चोराया लागली तुझ्या गाडीपायी. दूध काय आता तुझ्या नळकांड्यातनं काढू व्हय?"

तेव्हापासून मी गावाच्या वेशीवर इंजिन बंद करून उतारावरून गाडी घरंगळत आणू लागले. टर्बो गाडी अशी चोरासारखी घरी आणणारी मी तालुक्यात पहिलीच असेन.

एवढ्यावर शहाणपण सुचायला हवं होतं. पण महेशचं लग्न जवळ आलं आणि नवरदेवासाठी कुठलीशी पांढरी, उंच, भाड्याची गाडी आणायचं चाललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात अशी गाडी असताना भाड्याची?

"नवरदेव माझ्याच गाडीतून जाणार," मी जाहीर केलं.

आबांनी पानाचा विडा तोंडात सरकवला. "जाऊ दे की. येळेवर बोहल्यावर पोचीवलंस तर आमी पुन्यांदा गाडीचं नाव काढनार न्हाई. न्हाई पोचीवलंस तर ह्ये फटफटं इकायचं आन् दुधाला पिकअप घ्यायची. हाय कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. समोर सगळं घर होतं, साक्षीदारांची काहीच कमतरता नव्हती.

मग माझी गाडी फोटोत नुसती दिसून चालणार नव्हती, उठून दिसायला हवी होती. मी विशालकडून लोअरिंग स्प्रिंग टाकून घेतल्या. गाडी जमिनीला टेकली म्हणावी इतकी खाली बसली. काय दिसत होती म्हणून सांगू! विशाल मात्र हनुवटी खाजवत उभा होता.

"मॅडम, तुमच्या गावात ब्रेकर किती हायेत?"

"आहेत थोडे," मी म्हणाले आणि विषय बदलला.

आता या ब्रेकरचं सांगायलाच हवं. शनिवार-रविवारी फार्महाऊसला निघालेली मंडळी आमच्या गावातून अशी सुसाट जायची की कोंबड्यांनी रस्ता ओलांडणं सोडून दिलं होतं. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून "आमच्या दारात गतिरोधक झालाच पाहिजे" असं टेबल बडवून कोण बोललं? मी! काम चालू असताना "अजून दोन घमेली टाका, चांगला उंच होऊ द्या" असं गवंड्याला कोणी सांगितलं? मीच! माझ्या दारात ब्रेकर झाला आणि गावात चुरस लागली. ह्यांच्या दारात आहे मग आमच्या का नाही? बघता बघता घरटी एक म्हणावा इतके ब्रेकर झाले. आमचा रस्ता लांबून धुणं घासायच्या पाट्यासारखा दिसतो.

रिकामी गाडी मी कशीबशी तिरकी करून त्यावरून काढायची. पण लग्नाच्या दिवशी गाडी रिकामी नव्हती. मागे फेटा बांधलेला महेश आणि त्याचा मित्र, पुढे दत्तामामा. दत्तामामा म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, देवमाणूस, पण एकटेच तिघांच्या जागेत बसणारे. मामाशिवाय नवरदेव निघत नाही, त्यामुळे त्यांना वगळायची सोय नव्हती. मारुतीच्या पाया पडून झालं, वऱ्हाडाची बस पुढे गेली, संदीप स्कूटरवर गेला. आबा सामान घेऊन ट्रॅक्टरवर मागून येणार होते. मी ऐटीत गाडी काढली आणि माझ्याच दारातल्या माझ्याच ब्रेकरवर पोट टेकून थांबले. खर्रर्र!

"मामा, जरा उतरता का?"

मामा उतरले. गाडी हलली नाही. मित्र उतरला. तरी नाही.

"महेश, तू पण."

"आगं वहिनी, मी नवरदेव हाय!"

"नवरदेव, जरा खाली उतरा!"

नवरदेव उतरला, गाडी बोटभर वर आली आणि पलीकडे गेली. सगळे परत बसले. मी म्हटलं, हा एवढाच उंच आहे, पुढे काही नाही. पुढे पवारांचा ब्रेकर आला. खर्रर्र!

महेश तिथे उतरला मात्र, पवारवहिनी लगबगीने बाहेर आल्या. नवरदेव दारात येऊन उतरला म्हणजे ओवाळायला नको? ताट आलं, कुंकू लागलं, साखर तोंडात पडली, हातात नारळ आला. नारळ गेला डिकीत. पुढच्या ब्रेकरवर पुन्हा तेच. तिसऱ्या घरी तर बायका ताट घेऊन आधीच उभ्या! बातमी माझ्या गाडीच्या पुढे पळत होती. (कुणीही पळालं असतं.) मामा प्रत्येक दारात लाडू खात होते, डिकीत नारळ चढत होते आणि गाडी दर घराला आणखी खाली बसत होती.

मधेच एका ठिकाणी ब्रेकर नव्हता. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर सखूआजी ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध बसलेल्या.

"आमच्या दारात बरेकर न्हाई म्हून नवरदेव उतरायचा न्हाई व्हय? त्या सरपंचाकडं बघतीच मी!"

उतरला. ओवाळून घेतलं. नारळ!

आणि मग गाडी नेमकी अडकली ती तात्यांच्या दारात. तात्या आमच्या भावकीतले. आबांचं आणि त्यांचं बांधावरून वाजलेलं, माझ्या लग्नाच्याही आधीपासून बोलणं बंद. समोरासमोर आले की दोघेही आभाळाकडे बघतात, आमच्याकडे पावसाचा अंदाज त्यामुळे चांगला कळतो.

"वहिनी, हितं नगं," महेश कुजबुजला.

"मग गाडी काय डोक्यावर घेऊ?"

तो मान खाली घालून उतरला. दार उघडलं. तात्यांच्या घरच्या काकू ताट घेऊन आल्या, त्यांनी कपाळभर कुंकू लावलं. "केवढुसा हुता रं! माज्या वसरीवर रांगलाय ह्यो!" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मागून तात्या नारळ घेऊन आले, त्या नारळालाही काकूंनी ताटातल्या हळदीचं बोट ओढलं.

"आमच्याच दारात अडकायचं हुतं व्हय?" असं गुरगुरत त्यांनी नारळ महेशच्या हातात दिला आणि लगेच वाकून गाडीखाली बघू लागले. बराच वेळ बघत होते. गाडीखाली बघण्यासारखं काही नव्हतं, पण मला त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

पण मुहूर्त काही भावकीसाठी थांबत नाही. गाव संपलं, मोठा रस्ता दिसायला लागला आणि अगदी तोंडाशी असलेल्या शेवटच्या ब्रेकरवर गाडी जी बसली ती बसलीच. सगळे उतरले तरी हलेना. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, धूर निघाला. 'दिसत न्हाईत, धरतात' हे वाक्य मला त्या धुरात स्पष्ट दिसलं.

"पिकअप कंच्या रंगाची घ्यायची, वहिनी?" महेशने विचारलं. नवरदेव होता म्हणून वाचला.

एवढ्यात मागून ट्रॅक्टर. आबा उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, दोर काढला आणि शांतपणे विचारलं, "हुक कुटं हाय?"

मी बंपरवरची धूळ झटकली.

"म्या काय म्हनलं हुतं?"

"आहे आबा, कंपनीचा आहे! बंपरला आट्यांवर फिरवून बसवायचा. डिकीत, तळाला, जॅकपाशी."

"मग काढ की."

डिकी उघडली. वरपासून खालपर्यंत नारळ! नवरदेव, मामा, मित्र आणि मी, चौघांनी रांग लावून नारळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायला सुरुवात केली. हुक हाताला लागतोय न लागतोय तोच गाडीने एक सुस्कारा सोडला, मागची बाजू वर आली आणि गाडी आपोआप ब्रेकरवरून पुढे घरंगळली. हुकाची गरजच उरली नाही. मी तो हातात धरून गाडीमागे धावले, कारण हँडब्रेक ओढायचा राहिला होता!

गाडी बांधाला टेकून थांबली. आबांचं गाडीकडे लक्षच नव्हतं. ते ट्रॉलीतल्या नारळांकडे बघत होते.

"आरं ह्ये एवढं कुटनं आलं?"

महेशने सगळं सांगितलं. तात्यांचंही सांगितलं.

आबा ट्रॉलीवर वाकले. मग म्हणाले, "त्याचा नारळ कंचा?"

आता ढीगभर नारळांत तात्यांचा कुठला हे कसं ओळखावं? पण महेशने बरोबर काढून दिला. काकूंनी त्याला हळदीचं बोट जरा जास्तच लावलं होतं. आबांनी तो उपरण्यात बांधला, मांडीवर घेतला आणि ट्रॅक्टर चालू केला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, आता दाखवते टर्बो काय असतो! तर पिरंगुटपर्यंत गाड्यांची रांग. रविवार होता. शेवटी आबा ट्रॅक्टर घेऊन पुढे झाले, हात हलवत, ओरडत, कडेच्या मातीतून वाट काढत राहिले आणि त्यांच्या धुळीत मी मागोमाग. लाल गाडी कार्यालयावर पोचली तेव्हा पांढरी झाली होती, म्हणजे भाड्याचीच आणली असती तर चाललं असतं. भटजी घड्याळ दाखवत दारात उभे. महेश धावत बोहल्यावर चढला, मामा त्याच्यामागे उभे राहिले (लाडवांमुळे जरा वाकून) आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

जेवणानंतर मी आबांसमोर गेले. "पोचवला की नाही वेळेवर?"

"पोचीवलास," आबा म्हणाले. "पर इंजान माझं हुतं." मग उपरण्याची गाठ चाचपत म्हणाले, "गाडी नगं इकू. लगीन म्हनलं की लोक काचा वर करून भुर्रकन निघून जात्यात. माज्या पोराला आख्ख्या गावानं ववाळलं."

मी जिंकले होते. त्या आनंदात सोमवारी सकाळी विशालला फोन लावला, जुन्या स्प्रिंग परत बसवायच्या म्हणून. तेवढ्यात अंगणात तात्या! बांधाच्या भांडणानंतर पहिल्यांदाच आमच्या अंगणात पाऊल टाकलेले तात्या!

"आमच्या पोराचं लगीन ठरलंय," ते आबांना म्हणाले. आभाळाकडे न बघता. "ती बुटकी गाडी पायजे. त्याला बी समद्यांनी ववाळलं पायजे."

आबांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. "विशाल, स्प्रिंगा हायेत तशाच ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून गावातला प्रत्येक नवरदेव माझ्याच गाडीतून निघतो आणि ब्रेकर-ब्रेकरला उतरतो. परवा एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, तुमच्याकडची ही चाल फार जुनी दिसते. आबा म्हणाले, "व्हय, लई जुनी." गाडी चालवते मीच, पहिल्या गिअरमध्ये, समोर बँड. टर्बो जागा व्हायला लागतो तेवढा वेग काही तिला अजून मिळालेला नाही. एरवी ती गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली असते, मानाची गाडी उगाच बाहेर काढायची नाही असा आबांचा हुकूम आहे.

आणि मी हिंजवडीला जाते संदीपच्या स्कूटरवर मागे बसून. स्कूटर सगळ्या ब्रेकरवरून कशी मजेत जाते. परवा त्याने मान मागे वळवून विचारलं, "हिला काही करून घ्यायचंय का गं?"

"टायर," मी म्हणाले. "फक्त टायर."