गावपळणीतली शाळातपासणी

आमच्या लहानपणी शाळा तपासायला दिपोटी यायचा. एक माणूस, एक छत्री. शहाळं प्यायचा, एखाद्याला पाढा विचारायचा, पोरगं अडलं की हसायचा आणि शेरा लिहून निघून जायचा. त्याच शाळेत पुढे मी गुरुजी झालो, तोवर दिपोटी जाऊन मूल्यांकन आलं होतं. आधी छापील तक्ते, मग आमचे गुण आम्हीच द्यायचे, मग समित्या, आणि आता ॲप. ॲप शहाळं पीत नाही. तिथेच सगळं बिघडलं.

पट कमी झालेला. मूल्यांकनात शाळा बसली नाही तर मुलं खाडीपलीकडच्या शाळेत जाणार, असं वरून कळवलेलं. खाडीपलीकडे म्हणजे होडी. पावसात होडी बंद, आणि मुलींना तर आया एरवीही होडीत बसवणार नाहीत.

तपासणीची तारीख आली आणि मी कपाळाला हात लावला. नेमकी गावपळण. दर काही वर्षांनी आमचा देव कौल देतो आणि सगळा गाव, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपटांत जाऊन राहतो. आत गावातल्या कोणी पाऊल टाकायचं नाही.

मी तपासणीच्या मॅडमना फोन केला. "त्या दिवशी गावात कोणी नसेल."

"सुट्टी आहे का?"

"नाही. गाव पळणार आहे."

"कोण कोण?"

"सगळे. मांजरंसुद्धा."

"सर, कारण जरा बरं शोधा."

मग मी मानकरी आबांकडे गेलो. "देवान कौल दिल्यान, गुरुजी. तारीख काय मी काढूक नाय." एकीकडे देव, दुसरीकडे ॲप. दोघांनाही समजावून सांगायची सोय नाही.

मॅडम आल्या. वेशीबाहेर काजूच्या झाडाखाली मी शाळा भरवली होती, फळा बुंध्याला टेकवून. पोरं त्या दिवशी अशी वाचत होती की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. आबांच्या नातीने भागाकार तोंडी केला. मॅडम खूश. मी मनातल्या मनात नारळ फोडला.

मग त्यांनी मोबाइल काढला. पडद्यावर आलं, आपण शाळेच्या आवारात नाही. फोटो शाळेसमोरच हवा, मुलांसकट, संध्याकाळच्या आत. शेताडीपलीकडे आमच्या शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"दहा मिनिटांचं काम आहे," मॅडम म्हणाल्या.

"तू जा गो बाये, तुका कोण अडवणा नाय," आबा म्हणाले. "पोरां मात्र जावची नाय."

एक आई आपल्या मुलींना धरून पुढे आली. "शाळा गेली तर माझी चेडवां खंय जातली, आबानू? तुमची नात खंय जातली? देवाक इचारा तरी."

आबांनी वेशीकडे पाहिलं. "इचारू कसा गो? देव आत, आमी भायर."

मॅडमनी आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. म्हणजे त्यांचाही देव आत आणि त्या बाहेर. मी हसलो, कारण रडलो असतो तर पोरं घाबरली असती. ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे त्या छपराकडे बघत बसलो. शेवटी मॅडम एकट्या गेल्या आणि बंद दाराचा फोटो काढून आल्या. ॲपने तो बिनतक्रार घेतला. उपस्थिती शून्य. जाताना त्या माझ्याकडे न बघता गाडीत बसल्या.

तीन दिवसांनी वाजतगाजत गाव परत आला. शिमग्याच्या सुमाराला शाळा बंद करायचा आदेश आला.

शेवटच्या दिवशी मी घंटा उतरवत होतो. आबा येऊन पहिलीच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसले.

"गुरुजी, देव तीन दिसांनी गाव परत दिता. तुझो सायब शाळा कधी परत देतलो?"

मी म्हटलं, "आबा, जरा हा दोर धरा."

त्यांनी धरला.