मिरचीवालीची टाळू

दंतवैद्यकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी कवळ्या आणि कृत्रिम दातांचा विषय घेतला, तेव्हा मूर्तिजापूरला आमच्या घरी पेढे वाटले गेले, पण तोंडं फारशी गोड झाली नाहीत. "एवढं शिकून म्हाताऱ्यायच्या कवळ्याच बनवशीन काय वं?" मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं. वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर तिला ठाऊक होते, त्यात तिला मान दिसत होता. मी म्हटलं, "हो, कवळ्याच बनवीन."

तो विषय माझ्या गळ्यात पडला नव्हता, मी मागून घेतला होता. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. संध्याकाळी विहाराच्या अंगणात वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवायचे. एका अपघातात त्यांचे समोरचे दात गेले आणि नवे बसेपर्यंत ते फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले. नवे दात बसल्यावर ते वर्गाकडे वळून हसले. त्या वर्गात मीही बसले होते.

अमरावतीच्या कॉलेजात पहिलं वर्ष प्लास्टर कालवण्यात आणि मेण वितळवण्यात गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. जड गेली ती भाषा. आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे. हात अतिशय कसबी, वेळेचे पक्के, कुणावर आवाज चढवत नसत. पण मी एका आजोबांना "तोंड उघडा, मी सांगतो तसं करा" असं म्हणाले आणि सर मागून म्हणाले, "डॉक्टर, सांगतो नव्हे, सांगते. तुम्ही स्त्री आहात." सगळे हसले. आमच्याकडे बायासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात. माझी आई म्हणते. मी म्हटलं, "सर, आजोबांना समजलं." सर म्हणाले, "प्रश्न समजण्याचा नाही, पदवीला शोभण्याचा आहे." त्या दिवसापासून मी विभागात दोन जिभा घेऊन वावरू लागले. सरांशी एक आणि पेशंटशी दुसरी.

दुसऱ्या वर्षी अकोल्याहून एक बाई आल्या. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्यांचं वाळल्या मिरचीचं आणि हळदीचं दुकान होतं. वरच्या जबड्यात कॅन्सर निघाला, ऑपरेशनमध्ये उजवा जबडा अर्ध्या टाळूसकट काढावा लागला, मग किरणांचा शेक दिला. जीव वाचला. पण तोंडातून थेट नाकात जाणारं भोक राहिलं. पाणी प्यायल्या की नाकातून यायचं. बोलायला गेल्या की सगळी हवा नाकातून निघून जायची. 'बाप' म्हटलं तर 'माम' ऐकू यायचं. अशा माणसासाठी टाळूची प्लेट बनवता येते, वर भोकात बसणारा गोळा असलेली, कवळीसारखी घालता-काढता येणारी. ती असते, हे त्यांना महिनोन् महिने कुणी सांगितलंच नव्हतं.

सोबत सून होती. भली बाई, पण सासूसाठी सारखी तीच बोलायची.

"जेवण जातं का नीट?" मी विचारलं.

"नाही जात, डॉक्टर. पातळ देतो आम्ही."

"दुखतं का?"

"नाही दुखत. पण चिडचिड करतात फार."

सासूनं सुनेच्या हातावर चापट मारली आणि माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी तिच्या ओठांकडे बघितलं तेव्हा उमगलं : "मले इचार."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "बरं काकू, तुमीच सांगा. काय पायजे तुमाले?"

ती बोलत राहिली आणि मी ओठ वाचत राहिले. तिला दुकानात बसायचं होतं. मुलगा आता दुकान बघत होता आणि तिला घरात बसवलं होतं. गिऱ्हाइकांना तिच्या नाकातल्या आवाजाची किळस येईल, असं घरच्यांचं म्हणणं. तिनं ते सांगितलं आणि सुनेनं मान खाली घातली.

सरांना मी ही केस मागितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या प्रबंधाचा विषय इम्प्लांटचा, हाडात बसवायच्या दातांचा आहे. परीक्षेला तेच मोजलं जाणार. या बाईचं तोंड शेक दिल्यामुळे उघडत नाही, त्या अकोल्याहून येणार, महिने लागतील. साधी प्लेट द्या, भोक झाका आणि मोकळ्या व्हा." मग म्हणाले, "मी अशा पेशंटवर वर्षभर काम केलं होतं. प्लेट तयार झाली त्या आठवड्यात तो गेला. सगळं कपाटातच राहिलं." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

"सर, मी दोन्ही करीन."

"तुमच्या वेळात करा. मोजलं जाणार नाही."

"नका मोजू."

हे शब्द माझ्या तोंडून जरा जोरातच गेले. बाहेर माझी सोबतीण वाट बघत होती, तिनं कपाळावर हात मारला.

आधी तोंड उघडायला शिकवावं लागलं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवत जायची. काकू घरी ते करायच्या, न चुकता, आणि आल्या की "तोंडात लाकडाची वखार घातली तुयी" असं काहीसं पुटपुटायच्या. पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून बडनेऱ्याला, तिथून ऑटोनं कॉलेजात. सून हळूहळू यायची बंद झाली. येऊ नको, असं तिला काकूंनीच सांगितलं होतं.

पहिली प्लेट सपशेल फसली. टाळूचा गोळा मी भरीव केला होता. तो जड झाला आणि काकूंनी पाणी तोंडात घेताच प्लेट खाली लटकली, पाणी नाकातून आणि ओठांतून एकदमच बाहेर आलं. त्यांनी प्लेट काढली आणि माझ्या ट्रेमध्ये फेकली. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट वळून बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी हात धुवायला गेले. परत आले तर काकू उठल्या नव्हत्या. त्याच खुर्चीत, पदरानं हनुवटी पुसत, बसून होत्या. पुन्हा तोंड उघडून माझी वाट बघत होत्या.

गोळा पोकळ हवा, हे पुस्तकात होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिठात मधोमध मीठ भरायचं, ते शिजवून घट्ट करायचं, मग बारीक छिद्र पाडून कोमट पाण्यानं आतलं मीठ विरघळवून काढायचं आणि छिद्र बुजवायचं. पहिल्यांदा मीठ एका बाजूला सरकलं आणि भिंत फुटली. दुसऱ्यांदा छिद्र नीट बुजलं नाही, गोळ्यात पाणी शिरलं. प्रयोगशाळेतले लोक म्हणायचे, मॅडम लोणचं घालून राहिल्या. मी हसायचे आणि पुन्हा मीठ आणायचे. इम्प्लांटची कामं दुपारी व्हायची, ही कामं सगळे घरी गेल्यावर. शेवटी एक गोळा असा झाला की तळहातावर ठेवला तर पिंपळाच्या पानासारखा हलका. मी तो पाण्याच्या वाटीत टाकला. तरंगला.

ती प्लेट बसवली त्या सकाळी काकूंनी पेला उचलला, माझ्याकडे बघितलं आणि एक घोट घेतला. नाक कोरडं राहिलं. त्यांनी बोटानं नाक चाचपलं, पुन्हा घोट घेतला आणि मग सगळा पेला घटाघटा संपवला.

आता बोलण्याची चाचणी. विभागात त्यासाठी एक छापील कागद होता, प्रमाण मराठीतली वाक्यं, स, प, ट असे आवाज तपासायला. पेशंटनं वाचायचं, आपण गुण द्यायचे. काकूंना वाचता येत होतं. सर येऊन मागे उभे राहिले. काकूंनी पहिलं वाक्य मनात वाचलं : 'सशाने सकाळी साखर सांडली.' आणि कागद खाली ठेवला.

"ससा काहून साखर सांडीन?" त्या म्हणाल्या.

त्यांचं सबंध वाक्य मी पहिल्यांदाच कानानं ऐकलं. ओठांकडे बघावं लागलं नाही.

"आजी, ते फक्त चाचणीसाठी आहे," सर म्हणाले. "वाचा."

"हे माहं बोलनं नाही, साहेब. मले दुकानात ससा इकाचा नाही."

कुणीतरी खुसकन हसलं. मी सरांकडे बघितलं नाही. "काकू," मी म्हटलं, "दुकानात कशा हाका मारता, तशी मारा."

त्यांनी पदर सावरला. प्लेट जिभेनं एकदा वर दाबली. आणि मग अख्ख्या विभागात, खुर्च्यांवरून, पडद्यांवरून आवाज गेला : "ये वं माय, ये बापू, तिखट पाह्य! ठसका नाही लागला तं परत आन!"

प घुमला, ट फुटला, ठसका खरोखर ठसक्यासारखा आला. दारातून परिचारिका डोकावल्या. काकू दम घेऊन पुन्हा ओरडल्या, या वेळी हळदीचा भाव. सर पुढे आले. "आवाज उत्तम आहे," ते म्हणाले. "पण कागद भरून घ्या. गुणांशिवाय पुरावा नाही."

मी काकूंच्या हाकेचं चित्रण केलं होतं. राज्याच्या परिषदेत ही केस मांडायचं ठरलं, कारण काम चांगलं झालं हे सरांनाही मान्य होतं. मात्र त्यांनी एक अट घातली. बाजारातली हाक काढायची आणि सशाची वाक्यं घालायची. "तिथे राज्यभरातून लोक येतात. हसतील."

"हसू दे, सर. मिरची विकत घेताना कोणी हसत नाही."

"हा वाद भाषेचा नाही, शास्त्राचा आहे."

"मग शास्त्रानं तिची भाषा मोजायला शिकावं. कागद मी नवीन बनवते, वऱ्हाडीत, तेच आवाज घेऊन."

मी तो बनवला. काकूंनी तो खळखळ वाचला, मी गुण दिले, सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी वाचला, परत दिला, म्हणाले की मान्यताप्राप्त नाही. परिषदेला माझ्या केसऐवजी एका धाकट्या विद्यार्थ्याचं इम्प्लांटचं काम गेलं. मला वाईट वाटलं, खूप. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हाक काढून टाकली असती तं गेली असती ना?" मी म्हटलं, "गेली असती." ते म्हणाले, "मग?" एवढंच.

परीक्षा पास झाले. सरांनी निरोपाच्या दिवशी विभागात नोकरी देऊ केली, मनापासून. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि अकोल्यात आले. सगळे म्हणाले, जठारपेठेत दवाखाना टाक, तिथे चार पैसेवाले येतात. मी मोर्णेपलीकडे जुन्या शहरात खोली घेतली, काकूंची दुकानातली हाक ऐकू येते तिथे. कवळ्या करते, आणि टाळूच्या प्लेटा करते. अशी तोंडं आमच्या भागात किती आहेत, ते तिथे बसल्यावरच कळलं. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून, खाणारे तरुणसुद्धा येतात.

मध्यंतरी एका मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनचा फोन आला. जबडा काढलेला एक पेशंट आहे, जखम भरली की पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, "भरल्यावर नको, ऑपरेशनच्या आधी पाठवत जा. माप आधी घेतलं तर प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते. माणूस शुद्धीवर येतो तो बोलतच येतो."

"आपल्याकडे तशी पद्धत नाही, मॅडम," ते म्हणाले. "बघू कधी जमलं तर."

त्यांनी बोलावलं नाही. पुढच्या सोमवारी मीच माप घ्यायचं सामान पिशवीत भरलं, त्यांच्या ओपीडीत गेले आणि ऑपरेशनची वाट बघणाऱ्या लोकांच्या बाकावर, एका भेदरलेल्या माणसाशेजारी, जाऊन बसले. त्याला विचारलं, "कोन्या गावचे तुमी?"