नेहमीच्या पद्धतीने

व्हॅलेन्सियातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या करायचो आणि रेमेई भट्टी सांभाळायची. तिच्याकडे एक खनिजाची पूड असे. त्या पुडीच्या कणांतली भोकं इतकी बारीक की एकेक रेणू कसाबसा आत शिरावा. बडीशेपेच्या वासाचं द्रव्य त्यात मिसळलं की आतल्या रेणूंवर विद्युतभार चढायचा आणि पूड जांभळी व्हायची. उघड्यावर असले रेणू क्षणभरही टिकत नाहीत. त्या भोकांत टिकतात, पण दमटपणाचा वारा लागला की संपले.

इतरांच्या नळ्या सकाळच्या न्याहारीपर्यंत फिकट पडायच्या. रेमेईची नळी मार्चमधल्या एका फायासच्या सणापासून पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत जांभळी राहायची. भट्टीचं तापमान मिनिटाला एकच अंश चढवायचं, मध्ये दोन तास थांबायचं, पाणी सावकाश जाऊ द्यायचं, मग पाचशे अंश आणि गरम असतानाच द्रव्य घालून नळीचं तोंड वितळवून बंद. हे शोधायला तिला अकरा वर्षं लागली. सगळं तिने चिमोला शिकवलं. जवळच्या सुएका गावाहून आलेला तो पोरगा डॉक्टरेट करत होता, तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचा.

त्याचा शोधलेख छापून आल्याचं कळलं ते न्याहारीच्या वेळी. बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव खाली ठेवून रेमेईने लेख माझ्यापुढे सरकवला. "बातिस्ते, तुला इंग्रजी येतं. माझं काम कुठंय बघ."

मी शोधलं. एकच ओळ होती. "खनिज नेहमीच्या पद्धतीने कोरडे करून घेतले."

"नेहमीच्या? कुणाच्या नेहमीच्या रे, चिमो?" तिने समोर बसलेल्या चिमोला विचारलं.

"अगं मास्तरीणबाई, तसंच लिहायची रीत असते. भट्टीबद्दल कोण वाचतंय?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रेमेईने पाव तसाच गुंडाळून ठेवला.

पुढे परदेशातून तक्रारी आल्या की लेखाप्रमाणे केलं तर रंग टिकत नाही. दोन पाहुणे स्वतः बघायला येणार होते. चिमोची नोकरी त्यावर अडकलेली. तो धावत भट्टीपाशी आला. "रेमेई, नळी तूच तयार कर."

"करते. लेखात लिहिलंय तशीच ना?"

"हो, हो, तशीच."

तिने भट्टी झटक्यात पाचशेवर नेली, जशी सगळीकडे नेतात. पाहुण्यांसमोर पूड छान जांभळी झाली. मंडळी न्याहारी करून परतली तोवर नळीतली पूड खडूसारखी पांढरी झाली होती. चिमोचं तोंड त्याहून पांढरं.

रेमेईच्या कोटाच्या खिशात दुसरी नळी होती, तिच्या पद्धतीची. ती वाट बघत होती. त्याने फक्त तिचं नाव घ्यायचं होतं.

एका पाहुण्याने इंग्रजीत विचारलं, "खनिज तयार कोण करतं?" चिमोने तिच्याकडे बघितलं आणि इंग्रजीतच उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" तिने हळूच विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. सांगवलं नाही.

"म्हणाला, एरवी मीच करतो. आज या बाईंना करायला दिलं, त्यांनी बिघडवलं."

ती तडक वळली. माझ्या खोलीत आली, खिशातली नळी काढली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. समुद्राची दमट हवा खिडकीतून येतच होती. जांभळा रंग जाईपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. अकरा वर्षं पुसली जायला चारेक मिनिटं लागली.